चार बोटं सोडलेला झगा

भिंगरीने काकूंच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि पलंगाच्या कडेला बसून स्वतःच गुडघ्याला गुंडाळायला लागली. पट्टी दोनदा सुटली. काकू कात्री हातात घेऊन समोर तशाच उभ्या राहिल्या.

"अगं, दे इकडे. उलटी गुंडाळतेयस."

"जमतंय मला."

जमत नव्हतं, हे शिवणयंत्रावर पसरलेल्या मांजरालाही दिसत होतं. पण कालपासून काकूंशी दोन शब्दांपलीकडे बोलायचं नाही असं भिंगरीने ठरवलं होतं, आणि रुसण्याच्या बाबतीत ती शब्दाची पक्की होती.

चार दिवसांपूर्वी हीच मुलगी सामान खाली ठेवायच्या आधी काकूंच्या गळ्यात पडली होती. अकरा देशांतल्या चाळीस पोरापोरींचा हा नाचगाण्याचा चमू. बसने गावोगाव हिंडायचं, दिवसा शाळेच्या भिंती रंगवायच्या नाहीतर वृद्धाश्रमात हातभार लावायचा, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम करायचा. मुक्काम लोकांच्या घरी, जोडीजोडीने. जोडी एकदा ठरली की वर्षभर बदलायची नाही, हा चमूचा नियम होता. भिंगरीची जोडी शिडीशी, आणि या गावी दोघी शिवणकाम करणाऱ्या या काकूंकडे उतरल्या होत्या. एक गरगर फिरते म्हणून भिंगरी, दुसरी उंच म्हणून शिडी. खरी नावं बसमधल्या यादीपुरतीच उरली होती. आठ महिने दोघींनी एकच कंगवा वापरला होता आणि घरची आठवण आली की एकाच पांघरुणात रडून घेतलं होतं.

मागच्या गावी शाळेची भिंत रंगवताना भिंगरी स्टुलावरून पडली. स्टूल धरायला शिडीच होती, आणि पडल्यावर रडलीही तीच जास्त. गुडघा टम्म सुजला. दुखापत झाली की व्यवस्थापकांना सांगायचं आणि बरं होईपर्यंत नाचायचं नाही, हाही एक नियम होता. भिंगरीने तो मोडला, कारण काकूंच्या गावानंतरचं गाव तिचं स्वतःचं होतं. तिच्या आईने तिला रंगमंचावर कधी पाहिलंच नव्हतं. शेवटच्या नाचात मधोमध पिवळ्या झग्यात चौदा गिरक्या घेते ती आपली लेक, एवढं मात्र आईने फोनवर ऐकून ऐकून पाठ केलं होतं.

गुडघ्याचं गुपित दोघींनाच ठाऊक होतं, शिडीला आणि काकूंना. काकूंचा जन्म लोकांची मापं घेण्यात गेलेला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी भिंगरीची चाल बघून ओळखलं, गरम पाण्याने गुडघा शेकला, पट्टी बांधली. "असलं अंगावर काढू नये गं, डॉक्टरला दाखव," असं म्हणाल्याही होत्या. कुणाला सांगणार नाही असं वचन भिंगरीने त्यांच्याकडून घेतलं होतं.

आणि काल सकाळी व्यवस्थापकांनी तिला सगळ्यांसमोर बोलावून गुडघा दाखवायला सांगितला. पाच मिनिटांत पिवळा झगा शिडीचा झाला. संध्याकाळी भिंगरी सभागृहाच्या दारात उभी राहून येणाऱ्यांच्या हातात कार्यक्रमपत्रिका देत होती. आतल्या टाळ्या तिने बाहेरूनच ऐकल्या. तिला चीड आली होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

"काकूंनीच सांगितलं असणार," शिडी तिला जवळ घेऊन म्हणाली होती. "दुसऱ्या कुणाला माहीत होतं? मोठ्या माणसांच्या पोटात काही राहत नाही बघ."

भिंगरीला ते लगेच पटलं. काकू चार दिवसांच्या होत्या, शिडी आठ महिन्यांची.

आता शिडी खाली बसमध्ये सामान चढवत होती. काकूंनी कात्री यंत्रावर ठेवली आणि मांजराला उठवलं.

"बरं बाई, नको बोलूस. पण काल त्या पोरीला नाचताना बघून मला तुझंच कौतुक वाटलं. केवढं मन गं तुझं! मी असते तर झग्याला हात लावू दिला नसता."

"मी कुठे दिला?"

"म्हणजे? तूच तर शिडीच्या हाती झगा पाठवलास माझ्याकडे. खालून चार बोटं सोडा, कमरेला जरा ढिला करा, म्हणून."

भिंगरीचा हात थांबला. "कधी?"

"परवा दुपारी नाही का, तू वृद्धाश्रमात होतीस तेव्हा. म्हणाली, भिंगरीचा गुडघा काही ऐकत नाही, तीच म्हणते यापुढे तू नाच. सगळी दुमड उसवून हाताने घातली मी. झुळझुळीत कापड ते, यंत्राखाली धरवत नाही."

परवा दुपारी शिडीचं डोकं दुखत होतं. भिंगरीने तिच्या वाटची भांडीसुद्धा घासली होती.

"काकू, आमच्या व्यवस्थापकांना तुम्ही..."

"कोण ते? टोपीवाले की जाड चष्म्याचे? मला तर दोघांतलं कोण तेही ठाऊक नाही."

खाली बसने दोनदा भोंगा दिला. भिंगरीने पट्टी सोडवली आणि पाय उचलून काकूंच्या पुढे धरला. काकू जमिनीवर बसल्या, पाय मांडीवर घेतला. त्यांनी एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पट्टी गुंडाळायला घेतली.

"घट्ट होतेय का?"

"असू दे."

"रुसली होतीस माझ्यावर?"

भिंगरीने मान डोलावली. काकूंनी पट्टीचं टोक आत खोवलं आणि वरून हात फिरवला.

"मग आता रड थोडी. बस थांबेल."

पण तिला रडू आलं नाही. ती काकूंच्या खांद्याला धरून उठली.

बसमध्ये शिडीने नेहमीप्रमाणे खिडकीची जागा तिच्यासाठी ठेवली होती. पाय टेकवायला समोर स्वतःची पिशवीसुद्धा रचली होती.

"बोललीस का शेवटी काकूंशी?"

"हो."

"तू फार लवकर विरघळतेस बघ," शिडी म्हणाली.

भिंगरीच्या हातातला फोन वाजला. आईच होती.

"निघालात का गं? तुम्हा दोघींच्या गाद्या शेजारीशेजारीच घातल्यात. तुझ्या मैत्रिणीला उशी उंच लागते की पातळ? लाजू नको म्हणावं तिला, मला तीही तुझ्यासारखीच. आणि ऐक, पहिली रांग धरून ठेवायला सांगितलीय. गल्लीतल्या सगळ्याजणी येणार आहेत. पिवळ्या झग्यातली ती आमची, असं सांगून ठेवलंय मी सगळ्यांना. बरोबर ना? पिवळाच ना?"

"थांब हं, आई."

भिंगरीने फोन शिडीपुढे धरला.

"आई विचारतेय, पिवळ्या झग्यात कोण आहे. तू सांग."

शिडीचे हात मांडीवरच राहिले. फोनमधून आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "हॅलो? मैत्रीण का? बोल गं बाळा, बोल."

बस सुरू झाली. भिंगरीने फोन तसाच धरून ठेवला.