डोंगराचं नाक

मी एक जुना लोखंडी पाइप आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका, कारण मी स्वतःच एक नाक आहे!

कारखान्यातून निघालो तेव्हा पोटातून झुळझुळ पाणी वाहील, अशी स्वप्नं पाहत होतो. पण मला उभा गाडला, तोही गावभरच्या कचऱ्याच्या डोंगरात. वर मातीचा जाड थर टाकला. आत कचरा सडत राहिला आणि त्याचा वायू बाहेर सोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

वर्षं गेली. रानगवत आलं, झुडपं आली, मागून फुलपाखरं आली. पायथ्याशी तळं झालं. माळीणकाकू पूर्वी इथेच कचरा वेचायच्या, आता रोपं जगवायच्या. रोज माझ्या तोंडावरची जाळी झाडत म्हणायच्या, "काय बाबा, श्वास चाललाय ना नीट?" एवढी विचारपूस माझी कुणी केली नव्हती.

मग बागेच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला. बागेच्या कामावरच्या साहेबांनी मला हुंगलं. "हा ठोंब्या उद्या बुडापासून कापा. आजच्यापुरतं मी बघतो." जाळी काढून त्यांनी स्वतःचा टॉवेल माझ्या तोंडात कोंबला, वर फुलांची कुंडी ठेवली. दिसायला मी झकास, पण जीव गुदमरला!

डोंगर थोडाच गप्प बसतो? पायथ्याशी प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि शेजारच्या तळ्यात बुडबुडे यायला लागले.

"वा! मासे चांगलेच मोठे दिसतायत," पाहुणे म्हणाले.

"हो हो, खास मागवलेत," साहेबांनी ठोकून दिलं. तळ्यात एक मासा नव्हता.

मग वास सुटला. पहिल्या रांगेनं दुसरीकडे पाहिलं, दुसरीनं तिसरीकडे, शेवटी सगळ्यांनी पाहुण्यांकडे. ते लालबुंद. "मी नाही हो!" तेही माइकवरून.

काकू धावतच वर आल्या आणि टॉवेल खसकन उपसला. भस्सकन माझा श्वास सुटला, बुडबुडे थांबले. "अहो साहेब, याचं नाक दाबलंत, तर हा दुसरीकडून सोडणारच की!"

सगळे पोट धरून हसले. पाहुणे सगळ्यात जास्त. "या पाइपाला हात लावाल तर खबरदार! माझी अब्रू वाचवलीय त्यानं."

मित्रांनो, म्हणून मी आजही इथे उभा आहे, मजेत. तुमच्या आजोबांचे तुटके टूथब्रश अजून माझ्या पायाशी तसेच पडलेत. काही फेकायच्या आधी तेवढं आठवा. आणि बागेत आलात, तर माझ्या तोंडात काही कोंबू नका. काकू रोज सकाळी मला पुसतात. साहेब लाजून जो परत मागायलाच आले नाहीत, त्याच टॉवेलानं.