वरच्या फळीपर्यंत

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातली शिडी बोलतेय. नऊ पायऱ्या, सागवानी अंग आणि चौतीस वर्षांची नोकरी. भल्याभल्या विद्वानांना मी वर चढवलं; खाली उतरल्यावर ते पँटवरची धूळ झटकतात आणि मलाच नावं ठेवतात.

माझ्याच वर्षी ग्रंथपालबाई रुजू झाल्या. त्यांचा एक नेम होता: भलत्या जागी ठेवलेली पुस्तकं संध्याकाळी आपापल्या घरी पोचवूनच निघायचं. गुडघे दुखू लागल्यावर वरच्या फळ्या त्यांनी शिपायाकडे सोपवल्या. त्याला तिसऱ्याच पायरीवर चक्कर यायची. मग तो खालूनच मान वर करून बघायचा आणि 'सर्व जागच्या जागी' असं लिहून मोकळा व्हायचा.

भूगोलाच्या सरांना हे पक्कं ठाऊक. त्यांनी आपल्या विषयाचं एक जाड निळं पुस्तक पशुवैद्यकाच्या वरच्या फळीवर, 'गुरांचे रोग'च्या मागे दडवलं. दर सोमवारी माझ्यावर चढायचे, दोन पानं उतरवून घ्यायचे आणि वर्गात स्वतःचं चिंतन म्हणून ऐकवायचे. भूगोलाचा माणूस गुरांच्या रोगांत काय शोधतो, हे कुणी विचारलं नाही. प्राध्यापकांना विचारायची इथे पद्धत नाही.

पुढे सर ग्रंथालय समितीचे अध्यक्ष झाले. वार्षिक तपासणीत त्यांनीच शेरा मारला: 'ग्रंथपालांच्या हलगर्जीपणामुळे पुस्तक गहाळ.' चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. बाईंच्या अख्ख्या नोकरीत तेवढा एकच शेरा. तो त्यांना फार लागला. निवृत्ती जवळ आली तशी त्या एकेक कपाट पुन्हा उपसू लागल्या.

शेवटच्या दिवशी त्या स्वतः माझ्यावर चढल्या. मी जीव मुठीत धरून उभी. त्यांनी 'गुरांचे रोग' बाजूला सारले आणि पुस्तक हाती आलं. समासात सरांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं: 'इथे विनोद सांगणे.' 'इथे चष्मा काढून विचारमग्न होणे.'

दुपारी तिथेच, वाचनकक्षात, निरोपाचा कार्यक्रम झाला. बाईंनी पुस्तक सरांपुढे ठेवलं.

"सर, तेवढा शेरा खोडता का? पुस्तक सापडलं."

"अरे वा! कुठे होतं?"

"तुम्ही ठेवलं होतं तिथेच. तुमच्या खुणा पुसल्या नाहीत हं. पोरांना उपयोगी पडतील."

सरांनी चष्मा काढला. या खेपेला खरंच विचारात पडले असावेत. शेरा मात्र त्यांनी स्वहस्ते खोडला.

बाई गेल्या. नवी कपाटं बुटकी आली, म्हणून मला मागच्या खोलीत टेकवून ठेवलंय. सगळ्यांना नावं ठेवून झाली, माझं तेवढं राहिलं. बाईंच्या नावाला डाग लावणाऱ्याला दर सोमवारी मीच वर उचलून धरत होते, आणि एकदाही पायरी डगमगू दिली नाही. बाई, माझं चुकलं.