भिंतीवरचा धाकटा

धूळ खात पडलेल्या जुन्या खुनांचा छडा लावणारी ती मालिका अकरा वर्षं चालली होती, आणि तेवढ्यात मामांचे गुडघे मात्र वीस वर्षांनी म्हातारे झाले होते. मामा म्हणजे सेटवरच्या सामानाचे सर्वेसर्वा. पिस्तूल, पंचनाम्याचे कागद, रक्ताची बाटली, साहेबांचा चहाचा कप, सगळं त्यांच्या ताब्यात. साहेब म्हणजे मालिकेतला तपास अधिकारी. एरवी त्या नटाला स्वतःचा चष्मासुद्धा सापडत नसे, तोही मामाच शोधून देत.

साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर हरवलेल्या माणसांचे फोटो होते. भलत्याचा फोटो लावला तर उद्या कुणी भांडायला येईल, म्हणून सुरुवातीलाच फर्मान निघालं होतं, फोटो आपापल्या घरून आणा. कुणी मेहुण्याचा आणला, एकाने तर मोठ्या हौसेने सासूचा आणला. मामांनी धाकट्या भावाचा आणला. तो खरोखरच हरवला आहे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सोळाव्या वर्षी वडिलांशी भांडून घराबाहेर पडला तो गेलाच. वडील वारले तरी आला नाही.

फोटो भिंतीवर लागल्यापासून आई दर रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर ठाण मांडून बसे. खुनी कोण, याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. साहेब खुर्चीत मागे रेलले की फोटो झाकला जाई आणि ती करवादे, "अहो, जरा बाजूला सरका की!"

सहा वर्षांपूर्वी मालिकेच्या ऑफिसच्या फोनवर धाकट्याचा फोन आला होता. "दादा, तो फोटो काढ. मी बरा आहे. घरी यायचं नाही मला." मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाला येईल ते बोलून त्यांनी फोन आपटला. फोटो काढला नाही, कारण आईने का काढला म्हणून विचारलं असतं. आणि ती तर त्याच्या वाटेकडे डोळे लावून दिवस काढत होती, तिला सांगायचं कुठल्या तोंडाने? आज सांगू, उद्या सांगू करता करता सहा वर्षं गेली. दर रविवारी आईशेजारी बसून गप्प राहायचं, हे काम त्यांना सेटवरची कपाटं उचलण्यापेक्षा जड जात होतं.

आता मालिका संपत होती. शेवटच्या भागात साहेब निवृत्त होणार, जाताना एकेक फोटो उतरवणार आणि प्रत्येकाबद्दल एक वाक्य बोलणार. धाकट्याच्या वाट्याला आलं होतं, 'नदीत प्रेत सापडलं.'

मामा कागद घेऊन दिग्दर्शकाकडे गेले. "याला मारू नका."

"अहो मामा, मेला की विषय संपतो. प्रेक्षकांना शेवट लागतो."

"जिवंत सापडला म्हणा. बरा आहे, पण घरी यायचं नाही म्हणतो."

दिग्दर्शकाने मान वर केली. "झकास आहे की हे! आमच्या लेखकाला कसं सुचलं नाही?"

"त्याला भाऊ नसेल," मामा म्हणाले.

सहा वर्षं जे आपल्याच्याने झालं नाही, ते आता साहेब परस्पर उरकतील, असा त्यांचा हिशेब होता. हा पळपुटेपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण ते फार थकले होते.

रविवार आला. पडद्यावर साहेबांनी फोटो उतरवला, क्षणभर हातात धरला आणि म्हणाले, "हा जिवंत आहे. बरा आहे. फक्त घरी यायचं नाही म्हणतो."

आईने टीव्ही बंद केला. साहेबांचं निरोपाचं भाषण तसंच राहिलं.

"कधी आला होता फोन?"

"कुणाचा?"

"मला बनवू नकोस. साहेब बोलत होते तेव्हा तू टीव्हीकडे बघत नव्हतास. माझ्याकडे बघत होतास."

मामांची मान खाली गेली. "सहा वर्षं झाली."

आता आई रडेल, नाहीतर शिव्या घालेल, म्हणून ते अंग चोरून बसले. दोन्हींची त्यांनी मनाची तयारी केली होती.

"आवाज कसा होता त्याचा?" आईने विचारलं.

मामांनी तोंड उघडलं. ती तीन वाक्यं त्यांना पाठ होती. आपण काय काय बोललो तेही आठवत होतं. ऑफिसातली माणसं वळून बघत होती, तीसुद्धा आठवत होती.

"जाड झालाय का रे? गेला तेव्हा आवाज नुकता फुटला होता."

"आई, मी ओरडत होतो गं," मामा म्हणाले. "आवाजाकडे लक्षच नव्हतं माझं."

आईने रिमोट बाजूला ठेवला.

"मी अकरा वर्षं नुसतं बघितलं त्याला," ती म्हणाली. "ऐकायला तू एकटाच होतास."