समाधान झालं का?

कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात तिला सगळे साखरबाई म्हणत. घरभर पाणी झालेला, तळपायाची आग मस्तकात गेलेला माणूस फोनवर यायचा आणि थोड्या वेळानं वर तिचेच आभार मानून फोन ठेवायचा. युक्ती साधी होती. त्याचेच शब्द त्याला परत द्यायचे, त्याच्याआधी आपण सुस्कारा टाकायचा, आणि तोडगा त्यालाच सुचलाय असं वाटू द्यायचं. शेवटी विचारायचं, "समाधान झालं का?" तो "हो" म्हणाला की तक्रार बंद. यंत्र दुरुस्त होवो न होवो, ते खातं दुसऱ्यांचं.

पण लोकांचा राग गिळला म्हणून पचतोच असं नाही. बऱ्याच वर्षांनी एका सकाळी कानाला हेडफोन लावायला तिचा हातच उचलेना. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. त्याच आठवड्यात कॉलेजात नापास झालेली लेक तिच्या उशाशी बसून हमसून हमसून रडली, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या या बाईच्या तोंडून आपोआप निघालं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

लेक रडायची थांबली.  "बरी हो, मग येते," एवढं म्हणून लेक बॅग भरून मावशीकडे गेली. घरात दोघीच होत्या, आता एकच राहिली.

तेव्हा बरं होणं भागच होतं. रजा काढून ती दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. बाई भल्या होत्या, जीव तोडून ऐकायच्या. बालपणाचा विषय निघाला की त्यांचं पेन भराभर चालतं, हे हिच्या लगेच ध्यानात आलं. मग हिनं बालपण दिलं. योग्य जागी डोळ्यांत पाणी आणलं. पुढे झोप लागू लागली, फिरणं सुरू झालं, एकदा तर स्वतःसाठी फुलं आणली. कसली फुलं नि कसलं काय! ही रात्र रात्र छताकडे बघत पडलेली असायची. पण आपण खोटं बोलतोय असं तिच्या मनातही आलं नाही. समोरच्याला बरं वाटावं, एवढंच तिला येत होतं.

"तुम्ही फार मेहनत घेतलीत," एके दिवशी बाई म्हणाल्या. "आता महिन्यानं भेटलो तरी चालेल."

जिना उतरताना तिला हलकं हलकं वाटलं. अवघड फोन नीट मिटला की वाटायचं, अगदी तसंच. आणि अर्ध्या जिन्यात तिच्या लक्षात आलं. तिला बरं करू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्यालाही तिनं गोड बोलून वाटेला लावलं होतं. ती पायरीवर बसली. इतकी भीती तिला आयुष्यात वाटली नव्हती.

उठून खाली आली, तर लेक बॅग घेऊन तिची वाट बघत उभी होती.

"काय म्हणाल्या गं?"

"महिन्यानं या म्हणाल्या."

"म्हणजे झालीस की बरी! चल घरी. मावशीच्या सोफ्यानं माझ्या पाठीचं पार भुस्काट पाडलंय."

रिकामं घर तिला खायला उठत होतं. नुसतं "चल" म्हणायचं होतं.

"नको येऊस," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांना मी सगळं खोटं सांगितलं. मला झोप येत नाही. त्या दिवशी तू रडलीस, मला काहीच वाटलं नाही. आत्ता तू समोर उभी आहेस, आनंद व्हायला हवा ना? नाही होत गं."

लेकीचा चेहरा उतरला. असा चेहरा ती दोन वाक्यांत खुलवू शकली असती. तिनं तो तसाच राहू दिला.

"मग मी काय करू?"

"माहीत नाही मला."

लेक रस्ता ओलांडून थांब्यावर गेली. बस आली, तिला घेऊन गेली. लेकीनं मागे वळून पाहिलं नाही.

ही पुन्हा जिना चढली. आत दुसरं कोणी बसलं होतं, दार बंद होतं. बाहेरच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "काही राहिलं का?"

"बाईंना सांगा," ती म्हणाली, "मला महिना नाही काढता येणार."