आवाज मरतो ती दिशा

आमच्या गावचे पुरुष सुरतेत आले की कापड विणायच्या लूमवर चढायचे. माझा नवरा शालिग्राम मात्र मगदल्ल्याच्या बंदरातून निघणाऱ्या मालबोटीवर रेडिओवाला झाला. बोटीच्या टपावर तारेचं गोल कडं होतं. ते फिरवत दीपगृहाकडून रेडिओवर येणारा टीं-टीं आवाज ऐकायचा. आवाज मेला की दिशा सापडली. दोन दीपगृहांच्या रेषा नकाशावर जिथं कापतात, तिथं बोट. धुकं असो, काही असो. मग उपग्रहाचं यंत्र आलं, बटण दाबलं की जागा दिसायला लागली. दीपगृहांनी आवाज पाठवणं बंद केलं, कडं भंगारात गेलं, आणि माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसला.

या उन्हाळ्यात त्यांचा ट्रान्झिस्टर चार दिवस खरखरला.

"बाबा, फेका तो डबा," आमचा योगेंद्र म्हणाला. "मोबाइलवर ऐका."

"डबा चांगला आहे. जवळपास कुठं तरी वायर ठिणगी टाकतेय, ती यात खरखरते."

घरामागेच योगेंद्रचं लूमचं खातं, म्हणजे छोटा कारखाना. मशिनींखाली सुताचा कचरा साचलेला. एक ठिणगी पडली तर खातं आणि घर, दोन्ही गेलं. योगेंद्रनं टॉर्च घेऊन सगळ्या वायरी बघितल्या. काही दिसलं नाही, म्हणून मशिनी चालूच ठेवल्या.

यांनी अंगणात उभं राहून ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवला. एका जागी खरखर मेली. डब्याचं टोक समोर प्रमिलाबाईच्या खात्याकडे.

"थांब वं," हे म्हणाले, "दुसऱ्या जागेवरून एकदा..."

मी कशाला थांबते! गेले तरातरा.

"प्रमिले, तुझ्या वायरी आमचं घर जाळतील! झोपलीस का, आंधळे?"

"मालतीबाई, सकाळी सकाळी भांग घेतली का तुम्ही?"

भांडली, पण घाबरली. मशिनी बंद केल्या. तिचे कारागीर बाहेर येऊन बिडी ओढत बसले.

परत येते तर हे गल्लीच्या कोपऱ्यावरून डबा घेऊन येत होते.

"दुसरी रेषा पहिलीला आपल्या मीटरवर कापते. अगं, रेषेला दोन टोकं असतात, एक समोर, एक आपल्या घराकडे. बोटीवर पुढं का मागं ते सांगायला वेगळी तार होती. याला कुठली?"

"मग आधी बोलायचं!"

"तू बोलू देशील तेव्हा ना."

योगेंद्रनं मेन स्विच पाडला आणि मीटरमागची फळी काढली. जोडावरची वायर काळी पडलेली, तिला सुताचा पुंजका चिकटलेला, कडेनं करपलेला. त्यानं बापाच्या हातातला ट्रान्झिस्टर घेऊन खुर्चीवर नीट ठेवला, आणि वायरमनला फोन लावला.

मी परत समोर गेले. जावंच लागलं.

"चालू कर मशिनी. आमच्याकडंच होतं."

प्रमिलाबाईनं कमरेवर हात ठेवले. "आणि त्या शिव्या?"

"त्या जमा राहू दे. वर्षभरात कामाला येतीलच."