मुर्वाची तहान

त्या गुरुवारी सकाळी माझी कुत्री मुर्वा उंबऱ्यावरून उठली नाही, तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव आलं ते येर्कोचं.

येणारच. आमच्या बेटावर कुत्रं अचानक आडवं झालं की लोक आधी विष म्हणतात आणि मग शेजाऱ्याचं नाव घेतात. येर्को माझा शेजारी, मधे छातीइतकी दगडी भिंत. नऊ वर्षांपूर्वी त्याने मला न विचारता माझ्या अंजिराची फांदी तोडली. पानं त्याच्या छपरावर पडतात आणि छपरावरून टाक्यात जाणारं पावसाचं पाणी नासतं, हे त्याचं कारण. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. म्हणजे बोलायचो रोज, पण मुर्वाशी.

तो भिंतीपलीकडून म्हणायचा, "मुर्वा, मालकिणीला सांग, रेडिओ सगळ्या गल्लीला ऐकू येतो." मी कपडे वाळत घालता घालता म्हणायचे, "ऐकलंस का गं मुर्वा पहाटे? ईस्टरपासून कुणीतरी खोकून खोकून आपली झोप मोडतंय. सिगरेट काही सुटत नाही म्हाताऱ्याची." मुर्वा अकरा वर्षांची. दोघांचंही शांतपणे ऐकून घ्यायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

त्या उन्हाळ्यात मे महिन्यापासून पाऊस नव्हता. प्रत्येकाचा जीव आपापल्या टाक्यात अडकलेला. आणि गेले तीन आठवडे येर्कोने एकच धोशा लावला होता, "पी बाई, पी. अख्खं टाकं पिऊन टाक माझं. घरी पाणी देत नाहीत वाटतं तुला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी मुर्वाचं भांडं काठोकाठ भरून मुद्दाम त्याला दिसेल असं ठेवायचे. ते तसंच भरलेलं राहायचं. ती भिंतीच्या खिंडारातून पलीकडे जायची, त्याच्या टाक्यापाशी सावलीत दगडी डोणी आहे तिकडे. कुत्रीसुद्धा मला हिणवते, असं मी समजत होते. मंगळवारी तर तो म्हणाला, "असं नाही चालायचं, मुर्वा. तुझा काहीतरी बंदोबस्त करायला हवा."

आता गुरुवारी ती पडून होती. पोट तट्ट फुगलेलं, पिवळी उलटी, हिरड्या पांढऱ्याफटक. दोन दिवस जेवली नव्हती, ते मी उकाड्यावर ढकललं होतं. दिवसभर झोपायची, ते वयावर. मीही सदुसष्टाची आहे, दुपारी आडवी होतेच. माझी आई विषावर मिठाचं पाणी पाजायची, म्हणून मीही तिचा जबडा उघडून ते ओतलं. सगळं फेसासकट माझ्या मांडीवर आलं.

मग मी भिंतीपाशी गेले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलले. "काय घातलंस रे तिला? काय घातलंस ते सांग!"

येर्को टाक्यापाशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या झग्याकडे. "कुठे आहे ती?" एवढंच म्हणाला.

मी तशीच वळले. घरात जाऊन फोन उचलला आणि उंबऱ्यावर मुर्वापाशी येऊन बसले. प्राण्यांची डॉक्टर देशा समोरच्या किनाऱ्यावरच्या शहरात असते, महिन्यातून एकदा बेटावर येते. दोन वर्षांपूर्वी तिने मला सांगितलं होतं, मुर्वाचं गर्भाशय काढून टाकू, म्हातारपणी त्रास देतं. मी म्हणाले होते, देवाने दिलंय ते राहू दे, उगाच कापाकापी कशाला.

"झटके येतात का, मावशी?" तिने विचारलं. "थरथर? तोंडाला फेस?"

"फेस आला तो मी मीठ पाजलं त्याचा."

"आता एक थेंबही पाजू नका. बरं, पाणी किती पिते? नेहमीपेक्षा जास्त?"

"छे. भांडं कालपासून भरलेलंच आहे."

"मग विष वाटत नाही मला. पोट बिघडलं असेल. आज दक्षिणेचा वारा आहे, फेरीबोटी बंदच राहणार. उद्या वारा पडला की पहिल्या बोटीने आणा, तोवर काही खायला..."

"खोटं आहे ते," कुणीतरी म्हणालं.

येर्को माझ्या फाटकात उभा होता. नऊ वर्षांत त्याने ते फाटक ओलांडलं नव्हतं. तो आत आला, गुडघ्यावर बसला आणि सवयीने तिच्याशीच बोलायला लागला. "मुर्वा, सांग डॉक्टरांना, किती दिवस झाले..." तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. तो थांबला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"पेरिना," तो म्हणाला. "बावीस दिवस झाले. आधी डोणी भरली की तिला दोन दिवस पुरायची. आता मी दिवसातून तीनदा भरतो. काठी घालून रोज टाकं मोजतो मी, मला माहीत आहे. आणि पिऊन झालं की तिथेच मुततेही तितकंच."

माझ्या हातातला फोन त्याने घेतला नाही, मीच पुढे केला. त्याने सगळं परत सांगितलं. पलीकडून देशाचा आवाज मला ऐकू येत होता, आता भराभर बोलत होती. माजावर कधी आली होती? जूनअखेर, मी ओरडले. मागे चाटत होती का? हो, सारखी.

"पू झालाय गर्भाशयात," देशा म्हणाली. "बाहेर यायला वाट नाही, म्हणून पोट फुगलंय. उद्याचं विसरा. आजच्या आज इथे पोचली पाहिजे."

"कशाने पोचू?" मी विचारलं. वारा अंजिराला पार वाकवत होता. वळून बघते तर येर्को केव्हाच फाटकाबाहेर पडला होता, आपल्या होडीचं इंजिन सुरू करायला.

पार जायला एरवी पाऊण तास लागतो. त्या दिवशी दोन तास लागले. लाटा बाजूने येत होत्या, काळ्या आणि सावकाश, आणि प्रत्येक लाटेला होडी अशी कलायची की मी मुर्वाला छातीशी धरून तळाशी घसरायचे. वरून ताडपत्री घेतली होती, तरी दोघी चिंब. माझा हात तिच्या फासळ्यांवर होता. ठोका लागत होता तोवर मी मोजत होते. एकदा सापडेनासा झाला. मी सगळीकडे चाचपलं, मनातल्या मनात सगळ्या संतांना हाका मारल्या, आणि मग तो काखेखाली लागला, अगदी बारीक.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी वाऱ्यावर ओरडले.

"सांगितलं की! रोज सांगत होतो!"

"कुणाला?"

सुकाणूवरचा हात त्याने हलवला नाही. "कुत्रीला," तो म्हणाला.

मला रडू फुटलं. रागाचं होतं की कशाचं, मला तेव्हा कळलं नाही. बावीस दिवस हा माणूस दुष्काळात टाकं रिकामं करत माझ्या कुत्रीला पाणी भरत होता, आणि मी त्याला कंजूष म्हणत होते.

"मग हाकललं का नाहीस तिला?"

"तहानलेल्याला हाकलू?" तो म्हणाला. एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली आणि होडी भलतीकडे वळली. त्याने ती कशीबशी सरळ केली.

धक्क्यावर देशा स्वतः गाडी घेऊन आली होती. दवाखान्यात तिने आधी सलाइन लावलं, पोटावर यंत्र फिरवलं, आणि मग माझ्यासमोर उभी राहिली. "वय आहे, हृदय थकलंय, भूल सोसेल की नाही सांगता येत नाही. नाही कापलं तर मात्र नक्की जाईल."

"काप," मी म्हणाले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. एक तास चाळीस मिनिटं. येर्को दोनदा उठून बाहेर खोकून आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा रुमाल खिशात टाकायची त्याला जरा जास्तच घाई होती. मी ते बघितलं.

देशा आली ती मास्क काढतच. "दोन किलो तीनशे ग्रॅम निघालं. अजून काही तास उशीर झाला असता तर आतच फुटलं असतं. हृदयाने साथ दिली. आता मूत्रपिंडं काय म्हणतात ते बघायचं, तीन-चार दिवस इथेच राहू दे." आणि मग, जरा कडक आवाजात, "मावशी, पुढच्या वेळी 'म्हातारी झाली' असं स्वतःला सांगत बसू नका. तहान, भूक, झोप, काय बदललं तेवढं मला सांगा. ती स्वतः सांगू शकत नाही."

त्या रात्री मी दवाखान्यातच राहिले, येर्को होडीत झोपला. सकाळी मुर्वाने मान उचलली, देशाच्या हातातल्या वाटीला तोंड लावलं आणि दोन घोट पिऊन बास केलं. दोनच घोट. त्या दोन घोटांचा मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या लग्नातही झाला नव्हता.

परत निघालो तेव्हा वारा पडला होता. समुद्र सपाट होता, येर्को सुकाणूवर आणि मी समोर, आणि मधे नुसती घडी केलेली ताडपत्री. अर्ध्या वाटेवर त्याला पुन्हा उबळ आली. लांबलचक. माझं तोंड आपसूक ताडपत्रीकडे वळलं, "ऐकलंस का गं मुर्वा" म्हणायला. तिथे कुणी नव्हतं.

"येर्को," मी म्हणाले.

"काय?"

"तुझा हा खोकला ईस्टरच्या आठवड्यापासून आहे. आधी फक्त पहाटे यायचा. जूनपासून पायऱ्या चढलास की येतो. पँट सैल होऊन दोरीने आवळायला लागलास, त्याला महिना झाला. आणि काल रुमालावर काय होतं ते मी बघितलंय."

"मला कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"बोलले. रोज."

त्याला हसू आलं नाही, मलाही नाही.

"सोमवारी मुर्वाला आणायला यायचंय," मी म्हणाले. "त्याच दिवशी तुला माणसांच्या दवाखान्यात नेते. आधी तू, मग ती."

"मला नाही जमायचं, पेरिना. डॉक्टर विचारतात कधीपासून, किती वेळा, मला काही आठवत नाही. मी नुसता म्हणतो, वय झालं."

"तू गप्प बस तिथे," मी म्हणाले. "सांगायचं काम माझं. मला तारखेनिशी पाठ आहे."