दोन चित्रांमधली टेकडी

माझ्या भिंगाच्या पितळी कड्यावर डावीकडे एक ओरखडा आहे. लांबी चार मिलिमीटर. चित्रात तो कधीच उमटला नाही, पण बोट फिरवले की लागतो.

मित्रांनो, मी एक जुना हवाई कॅमेरा आहे. सर्वेक्षण कचेरीच्या जिन्याखाली एका काचेच्या कपाटात राहतो. नवे कॅमेरे तळहातावर मावतात. माझे वजन धिप्पाड माणसाएवढे. कपाटाची काच पुसायची पाळी कोणाची, हे अजून ठरलेले नाही.

कारखान्यात माझे भिंग घासायला सात महिने लागले. मग एका छोट्या विमानाच्या पोटाला गोल भोक पाडून मला त्यात बसवले, भिंग खाली करून. जन्मभर मी जमिनीकडेच पाहिले. एवढा उडालो, पण आकाश कसे दिसते ते मला ठाऊक नाही.

वरून पाहिले की ओळखीच्या गोष्टी वेगळ्या होतात. नदी पाण्यापेक्षा वाळूने ओळखू येते. धरणाची भिंत नखाच्या कोरीएवढी. दीपगृह म्हणजे नुसता पांढरा ठिपका. त्याची उंची त्याची सावली सांगते.

मला चालवणाऱ्या छायाचित्रकाराला सगळे 'घार' म्हणत. वैमानिक त्याची फिरकी घ्यायचा, "अहो घारोबा, खाली कोणाच्या गच्चीवर कपडे वाळताहेत तेवढं सांगा, म्हणजे वारा कुठला ते कळेल."

"तुझेच आहेत," घार म्हणायचा. "सदऱ्याला एक बटण नाही."

आमच्या चित्रांचे जाडजूड पुस्तक निघाले, मुखपृष्ठावर तेच दीपगृह. घारीचा सत्कार झाला. माझे नाव कोणी घेतले नाही. चालायचेच.

पण आमचे खरे काम नकाशांसाठी होते. मी एकाच जागेची दोन चित्रे थोड्या अंतरावरून टिपायचो. ती शेजारी ठेवून दोन भिंगांच्या चौकटीतून दोन्ही डोळ्यांनी पाहिली, की सपाट कागदातून डोंगर वर उठतो. चित्रांची अदलाबदल झाली, तर तोच डोंगर खड्डा दिसतो. प्रत्येक जोडी घार तपासायचा, मगच सही. त्या सहीच्या भरवशावर रस्त्यांसाठी डोंगर फोडले जात.

पुढे त्याच्या उजव्या डोळ्यासमोर धुके आले. गेलेली नजर परत यायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मला चालवायला एक डोळा पुरतो, म्हणून विमानात कोणाला कळले नाही. मला पुसता पुसता तो एकदा पुटपुटला, "हा उड्डाणांचा मोसम संपला की सांगतो." असे तीन मोसम संपले.

मित्रांनो, यंत्राची काच जरूर पुसा. पण त्यातून जो पाहतो, त्याच्या डोळ्यांचीही कधी विचारपूस करा. मला तोंड असते, तर मी केली असती.

घारीची मुलगी नकाशा विभागात होती. एका दुपारी मला साफसफाईसाठी तिच्या टेबलाशेजारी ठेवले होते. घार आला. सकाळी स्वतःच लावलेल्या जोडीवर वाकला, क्षणभर पाहिले आणि सहीसाठी पेन उघडले.

"बाबा, मधे काय दिसतंय?"

"टेकडी. का गं, माझी परीक्षा घेतेस?"

"उंच आहे?"

"टेकडी उंच नाही तर काय खोल असते, पोरी?"

"मला खोल दिसतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "डावं चित्र उजवीकडे लागलंय, बाबा. पुढच्या महिन्यात इथून रस्ता काढणार आहेत."

घार पुन्हा वाकला. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा.

"कधीपासून?" तिने विचारले.

"तीन मोसम."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

ती रागावली नाही. तिने फक्त खुर्ची पुढे सरकवली. तो बसला. पेनाला टोपण लावून त्याने ते तिच्यासमोर ठेवले.

"साहेबांना बोलाव," तो म्हणाला. "मीच सांगतो. आजपासून मी उडणार नाही, सहीही करणार नाही. आणि तीन मोसमांच्या सगळ्या जोड्या कपाटातून काढ. पहिल्यापासून तपासायच्या."